अक्षरामागे चार डॉलर

दगड पेनसिल्वेनियाहून आला, दोन हजार चारच्या ऑगस्टात,
लाकडी चौकटीत, भुशात रुतवून.
काळा. इतका काळा की त्यात मला माझी टोपी दिसत होती.
नगर परिषदेच्या कागदावर चार नावं,
चार तारखा, आणि खाली पेन्सिलीनं:
मजकूर योग्य तो घालावा.

मी ऑरिन टेट. हार्लन फोर्क गावात
एकोणतीस वर्षं मेलेल्यांची अक्षरं कोरतो.
कुणाच्या कुत्र्याचंही कोरतो, भाव तोच.
अक्षरामागे चार डॉलर.

नावं बसली तरी वर हातभर जागा उरली.
मोकळी जागा दगडाला शोभत नाही.
कोपऱ्यात टीव्ही चालू होता,
पडद्याच्या तळातून शब्द सरकत होते,
दीड वर्ष सरकत होते तेच.
मी उचलले, मोजले,
मापात बसले.
‘जगाला संहारक अस्त्रांपासून वाचवताना’
रबराचा साचा कापला, नळी धरली, वाळूचा मारा केला.
ही ओळ कुठली, कुणी विचारलं नाही.
बिल मात्र दोनदा तपासलं.

ऑक्टोबरात अहवाल आला: अस्त्रं नव्हतीच.
आमच्या पेपरात तो नवव्या पानावर,
भोपळ्यांच्या स्पर्धेच्या निकालाखाली.
पेपराचं काय, दुसऱ्या दिवशी त्यात मासे गुंडाळतात.
दगड चौकात उभा.

लॉयल ब्रूबेकर बियाण्यांच्या दुकानात म्हणाला,
होती. ट्रकांत घालून सीरियात पळवली.
पुढच्या हिवाळ्यात म्हणाला, पुरलीत, वाळू काय थोडी आहे?
त्याच्या पुढच्या हिवाळ्यात,
होती-नव्हती सोड रे, माणूस तर वाईट होता.
कारणं बदलत गेली.
खुर्ची तीच, आणि वाक्य संपल्यावर
कप टेबलावर ठेवायचा आवाज तोच.
मी त्याला हसलो नाही.
भरतीच्या ऑफिसात लॉयलनं पोराला
स्वतःच्या गाडीतून सोडलं होतं.
वाटेत त्याला डोनट घेऊन दिला होता.

यंदा मार्चमध्ये योडर सर परिषदेत उभे राहिले,
इतिहास शिकवायचे ते, आता काठी घेऊन चालतात.
प्लॅस्टिकच्या पिशवीत कात्रणं.
‘मुलं हे वाचतात,’ म्हणाले, ‘आणि हे खोटं आहे.’
सगळे माझ्याकडे वळले.
पुसता येईल?

मी धंद्याचं तेवढं सांगितलं.
काळ्या दगडावरची रेघ, ती पुसत नाहीत.
सगळा दर्शनी भाग पाव इंच घासून काढावा लागतो.
ओळ जाईल. नावंही जातील.
नावं मग पुन्हा कोरता येतात,
हे मी मोठ्यानं म्हणालो की मनात,
आता आठवत नाही.

तिसऱ्या रांगेतून व्हर्ना स्टूकल उठली,
दुसरं नाव तिच्या लँडनचं.
‘बरं, घासा.
आणि त्या जागी काय लिहिणार?’
सरांनी चष्मा काढला, पुसला,
पिशवीत हात घातला.
पिशवीत काय नव्हतं ते सगळं होतं,
काय होतं, ते मात्र
एकाही कात्रणात नव्हतं.
हीटर तेवढा घरघरत राहिला.
ठराव पडला.

रविवारी व्हर्ना बादली घेऊन येते,
जुना टूथब्रश, पाण्यात थोडा सोडा.
आधी लँडन. मग बाकीचे तिघं.
मग वरची ओळ, डावीकडून,
एकेक खाच, शेवाळ काढत,
‘अस्त्रां’पाशी ती थांबत नाही,
घाईही करत नाही.

परवा मी तिथून जात होतो.
वर न बघताच तिनं विचारलं,
‘ऑरिन, ही ओळ लिहिली कुणी रे?’

वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.
ब्रशमधून पाणी ठिबकत होतं.

‘वरून आली होती,’ मी म्हणालो.

तिनं मान हलवली,
आणि ब्रश पुन्हा बादलीत बुडवला.